चेअरलिफ्टवाले अंकल

"चालतं कसं ते नको सांगू. उलटं फिरायला लागलं तर थांबतं कसं, ते सांग."

कुठलंही यंत्र समोर आलं की अंकल हेच विचारायचे, आणि विचारताना उजव्या हाताचं बोट हवेत उलट्या दिशेने गोल फिरवायचे. ऑफिसात नवी लिफ्ट बसली तेव्हा विचारलं. माझ्या नवऱ्याने हौसेने गाडी घेतली तेव्हा विचारलं. एकदा कॅन्टीनमध्ये एक जण मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे वाटत होता, त्यालाही विचारलं. तो बिचारा बॉक्स हातात धरून नुसता उभा राहिला.

असा एकच प्रश्न घेऊन जगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरुवातीला त्यांचा वैताग येतो. मला तर फारच आला, कारण मी मूळची सांगलीची, तोंडाने फटकळ, आणि कुणी तेच तेच बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. "अंकल, तुमच्या लग्नात विचारलं होतं का हे?" असं मी एकदा सरळ म्हणाले. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तेव्हा अक्कल नव्हती, बाय." आणि मग खांदे हलवत, आवाज न करता हसले.

आज आमच्या कंपनीत अंकलची आठवण निघते ती एका चुकीसाठी. ती चूक त्यांची नव्हती. ज्याची होती तो आता कायमचा गावी परतला आहे आणि त्याचं नाव मी इथे बदललं आहे, म्हणून लिहायला बसले.

अंकल वसईचे ख्रिस्ती. साठीला टेकलेले, ठेंगणे, मनगटं मात्र जाड. सगळं वर्कशॉप त्यांना अंकलच म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पठाण वेल्डरसुद्धा. आमचं वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरच्या एका गोदामाला लागून. मी तिथे खरेदी बघते: बोल्ट, बेअरिंग, रबर, रंग. आमच्याकडे यायच्या आधी अंकल बरीच वर्षं एका मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये चेअरलिफ्ट, म्हणजे फिरत्या दोरीला टांगलेल्या खुर्च्यांतून लोकांना वर नेणारं यंत्र, सांभाळत होते. बाहेर अंगाची लाही होत असताना हा माणूस पिशवीत कानटोपी घेऊन ड्यूटीला जायचा. त्यांच्या खोलीबाहेरच्या दोरीवर भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे वाळत असायचे. खालच्या किराणावाल्याची खात्री होती की यांना काहीतरी मोठा आजार आहे.

मग खोर फक्कानच्या वाटेवर, डोंगरात, एका मालकाने रिसॉर्ट काढलं. त्याला चेअरलिफ्ट पाहिजे होती, आणि ती जुनीच. फोटोत छान दिसते म्हणे. युरोपातल्या कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर हळू चालते म्हणून मोडीत काढलेली, दोघांनी बसायची, लाकडी पट्ट्यांची एक चेअरलिफ्ट त्याने विकत घेतली. कंटेनर बंदरात उतरले आणि दुरुस्तीला आमच्याकडे आले. दार उघडलं तर आत सुईसारखी वाळलेली पानं आणि ओल्या लाकडाचा वास. आमचे कामगार म्हणाले, हा तर बागेतला झोपाळा. अंकल मात्र आत शिरले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

खुर्च्यांच्या पट्ट्यांवर लोकांनी नावं कोरलेली होती, बदाम काढले होते. रंगारी पॉलिश पेपर घेऊन आला तर अंकलनी त्याला हाकलून दिलं. "कुणीतरी थंडीत कुडकुडत, हातमोजे काढून कोरलंय ते. वरून वार्निश मार फक्त." पठाण वेल्डर म्हणाला, "अंकल, ये आप का ससुराल का नाम है क्या?" त्या दिवसापासून त्या कंटेनरला सगळे अंकलची सासुरवाडी म्हणायला लागले.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, की हे असलं खुर्च्यांचं खूळ मुळात काढलं कुणी. तेवढं पुरे होतं. हातातला घास तसाच ठेवून ते सांगायला लागले.

"केळ्यांनी काढलं, बाय. खरं सांगतो. अमेरिकेत रेल्वेचा एक इंजिनिअर होता. त्याने आधी तिकडे गरम देशात केळी बोटीत चढवायचं यंत्र पाहिलं होतं. फिरती दोरी, तिला आकडे, आकड्यांना घड. पुढे रेल्वेवाले म्हणाले, आम्हाला बर्फाच्या डोंगरावर लोक न्यायचेत. ह्याने आकडा काढला नि खुर्ची लावली. खलास."

"म्हणजे माणसांचे घड."

"तसंच. आणि ट्रायल कशी घेतली, ऐक. उन्हाळा होता, बर्फ कुठलं? ट्रकला खुर्ची टांगली. गवतावर तेल ओतून एका माणसाला उभा केला, पायात त्या बर्फावरच्या फळ्या. मागनं ट्रक आला, खुर्ची गुडघ्यामागे लागली, उचलला. गवतावर जमेना, तर पायाला चाकं बांधली. हसू नको. त्यातनं कळलं, खुर्चीने किती वेगाने यायचं ते."

वसईला अंकलच्या घरची केळीची बाग होती, भावाने ती पुढे बिल्डरला दिली. त्यामुळे हा शोध जवळजवळ आपल्या घरातच लागला असा त्यांचा समज होता. मी म्हणाले, "अंकल, ती केळी परदेशातली." ते म्हणाले, "केळं ते केळं." यावर कोण काय बोलणार?

डोंगरात काम सुरू झाल्यावर मी सामान घेऊन वरचेवर जायची, आणि हळूहळू मलाही ते यंत्र कळायला लागलं. तसं ते सोपं आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं आडवं चाक, माथ्यावर दुसरं, दोघांवरून फिरणारी पोलादी दोरी. मध्ये खांब, खांबांवर रबर लावलेली छोटी चाकं, त्यांवरून दोरी सरकते. नव्या लिफ्टमध्ये खुर्ची स्टेशनात येऊन दोरी सोडते, सावकाश होते. जुनीत खुर्ची दोरीला घट्ट आवळलेली. ती कुणासाठी थांबत नाही, मागून येते आणि उचलते. ही पकड एकाच जागी राहिली तर दोरी तिथेच झिजते, म्हणून सगळ्या खुर्च्या अधूनमधून पुढे सरकवाव्या लागतात. अंकल ते काम असं करायचे, की बघणाऱ्याला वाटावं हे लग्नाची पंगत बसवताहेत: तू जरा पुढे, तू तिकडे, तुझं झालं.

दोरी ताठ राहावी म्हणून खालच्या स्टेशनामागे एका खड्ड्यात काँक्रीटचं मोठं वजन लोंबकळत ठेवलेलं होतं. बर्फाच्या देशात त्या खड्ड्यातून बर्फ काढत असतील. इथे वाळू. वारा रात्रभर वाळू आणून टाकायचा, आणि वजन वाळूवर टेकलं की दोरी सैल. म्हणून रोज सकाळी आधी खड्डा उपसायचा.

आणि एक होता खटका. पायथ्याच्या मोठ्या चाकाला दाते होते, त्यांवर एक जाड लोखंडी खटका पडून असायचा. चाक सरळ फिरलं की तो दात्यांवरून टक टक करत जायचा. मोटर बंद पडली, ब्रेक सुटला, आणि भरलेल्या खुर्च्यांच्या वजनाने चाक उलटं फिरायला लागलं, तर तो दात्यात अडकणार आणि चाक जागीच थांबणार. चेअरलिफ्टवर सगळ्यात वाईट काय होऊ शकतं, तर हे उलटं फिरणं. वरची माणसं खाली येतात, वेग वाढत जातो, खालच्या चाकाशी खुर्च्या एकमेकींवर आदळतात. अंकलनी तसं घडलेलं एकदा पाहिलं होतं की नुसतं ऐकलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बोट मात्र हवेत उलटं फिरायचं.

खड्डा उपसायचं काम सखारामकडे होतं. राजापूरकडचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. लेबर कॅम्पात राहायचा. अतिशय स्वच्छ माणूस. फावडंसुद्धा धुऊन ठेवायचा. अंकल त्याला यंत्र शिकवत होते आणि तो मन लावून शिकत होता. "ह्याला मी मेकॅनिक करणार. इन्शाल्ला," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि सखाराम लाजून वाळू काढायला निघून जायचा.

दसरा आला. उद्घाटन दोन-चार दिवसांवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भार लावून चाचणी. आपल्याकडे कारखान्यात दसऱ्याला काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. यंत्र बंद ठेवतात, धुतात, पुसतात, तेल लावून लखलखीत करतात, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. सखारामने साइटवरची चार मराठी माणसं गोळा केली आणि अंकलकडे परवानगी मागायला गेला. अंकल म्हणाले, "आज यंत्र तुमचं. मी हात लावणार नाही." खरोखरच त्यांनी दिवसभर लावला नाही. संध्याकाळी येऊन हात जोडून उभे राहिले, कपाळाला कुंकू लावून घेतलं, खोबरं खाल्लं. मीही होते. ते यंत्र मी इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. दाता न् दाता चमकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची माणसं कॅमेरे घेऊन हजर. त्यांनी स्पीकर लावून मोठ्याने गाणी सुरू केली होती. माणसांच्या जागी वाळूची पोती खुर्च्यांवर बांधायची, वर न्यायची, मध्येच मोटर बंद करायची, आणि सगळं जागच्या जागी उभं राहतं का ते बघायचं, अशी ती चाचणी. सखाराम आणि आणखी दोघं खाली पोती चढवत होते. सुरू करायच्या आधी अंकलनी ओरडून विचारलं, "सखाराम, खटका बघितलास?"

"हो अंकल. एकदम क्लीन."

एरवी अंकल स्वतः जाऊन त्या खटक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी कॅमेरावाला "यल्ला, यल्ला" करत, लवकर आटपा म्हणून मागे लागला होता. चाक फिरायला लागलं. त्या गाण्यांच्या गोंगाटात टक टक ऐकू येत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

अर्ध्या खुर्च्या भरल्यावर अंकलनी मोटर बंद केली. चाक थांबलं, क्षणभर उभं राहिलं, आणि मग अगदी हळू उलटं फिरायला लागलं.

दाते पुसायला सोपं जावं म्हणून खटका वर उचलून कापडाच्या पट्टीने बांधून ठेवलेला होता. तो सोडायचा राहिला होता. आणि ज्या फडक्याने दाते चमकवले, त्याच तेलकट फडक्याने ब्रेक ज्याला आवळतो तो पत्राही चमकवलेला होता. ब्रेक धरतच नव्हता.

मी साइटवरच्या ऑफिसच्या पायरीवर उभी होते. अंकलना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पोती चढवणारे तिघं खुर्च्यांच्या वाटेतच उभे होते, वर बघत. अंकल त्यांच्याकडे गेले नाहीत, चाकाच्या आत घुसले. खिशातला चाकू काढून त्यांनी पट्टी कापली. खटका फिरत्या दात्यांवर पडला, दोन-तीन दाते तुटून उडाले, आणि चाक थांबलं. पण दोरी अशी काही उसळली की चाकाला वळसा घालणारी खुर्ची पोत्यांसकट आत फेकली गेली आणि अंकलच्या पाठीवर बसली. गाणं चालूच होतं. ते बंद करायला मला जावं लागलं.

त्या तिघांना खरचटलंसुद्धा नाही.

दवाखान्यात पोलीस आले, कंपनीचा सेफ्टी ऑफिसर आला. सगळ्यांचा एकच प्रश्न: पट्टी कुणी बांधली? अंकल कमरेखाली काही जाणवत नाही म्हणत होते, पण शुद्धीवर होते. हिंदीत, स्पष्ट म्हणाले, "मैंने बांधा. सफाई के लिए. खोलना भूल गया." लिहून घेतलं गेलं.

त्या संध्याकाळी सखाराम आला. खाटेशेजारी जमिनीवरच बसला आणि रडत म्हणाला, "अंकल, मी बांधली होती. मी सांगतो त्यांना." मला तेव्हा कळलं. अंकलना आधीच माहीत होतं. ती गाठ त्यांनीच कापली होती, आणि गाठ कुणाच्या हातची हे ते ओळखत होते.

"गप. मी सांगून मोकळा झालोय."

"पण अंकल, तुमचं नाव..."

"तुला आत टाकतील. मुली लहान आहेत तुझ्या. माझं काय बिघडतंय? मी इथनं उठणार नाही, मला कळत नाही काय?"

मी म्हणाले, "अंकल, हे खोटं आहे. सगळं आयुष्य तुम्ही एकच गोष्ट बघत आलात, आणि आता लोक म्हणणार की तीच तुम्ही विसरलात."

ते म्हणाले, "मी विचारलं, बाय. बघितलं नाही. बघायचं काम माझं होतं. मग त्यात खोटं किती नि खरं किती, ते तू मोजत बस." आणि थोड्या वेळाने, "घरी पण हेच सांगायचं. वसईचा कोण ना कोण इथे असतोच. इथे एक नि घरी दुसरं सांगितलं तर बोभाटा होईल."

मला राग आला. सखारामचा आला, त्या कॅमेरावाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त अंकलचा. इतकं मोठं मन करायला यांना कुणी सांगितलं होतं? असा राग ज्यांच्यावर येतो त्यांच्यावर आपलं फार प्रेम असतं, हे मला माहीत आहे. तरी आला.

पुढचे काही आठवडे ते होते. सखाराम रोज ड्यूटीनंतर यायचा, त्यांची दाढी करायचा, पाय चेपायचा. "मला कळत नाहीत ते पाय, कशाला चेपतोस?" असं ते म्हणायचे. तो चेपत राहायचा. मग ताप चढला, तो उतरलाच नाही, आणि एका दुपारी अंकल गेले.

वसईला फोन मी केला. त्यांच्या मिसेसना बातमी आधीच कळली होती, चूक त्यांचीच होती असंही कळलं होतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एक विचारू, बाय? ते वर्षातनं महिनाभर घरी यायचे, तरी विहिरीवरच्या पंपाला रोज सकाळी हात लावून बघायचे. तो खटका त्यांनीच बांधलेला काय?"

मी म्हणाले, "हो."

मग त्या म्हणाल्या, "मग थकले असतील. मला सांगायला पाहिजे होतं, थकलो म्हणून. मी बोलावून घेतलं असतं परत." फोन ठेवल्यावर मी वर्कशॉपमागे जाऊन खूप रडले. त्या बाईंनी नवऱ्यावर शंका घेतली नव्हती. स्वतःलाच बोल लावून घेतला होता, तोही माझ्या एका शब्दावर. अंकलनी सखारामला वाचवलं, ते बरोबरच केलं असं मी आजही म्हणेन. पण त्याची झळ कुणाकुणाला बसणार, याचा हिशोब त्यांनी केला नव्हता.

चेअरलिफ्ट मालकाने उतरवली. आम्हाला सगळ्यांना मात्र सेफ्टीचा वर्ग सक्तीचा झाला. थंडगार हॉल, पुढे पडदा, कोट घातलेला एक तरुण ट्रेनर. दुसरं की तिसरं चित्र आलं ते त्या चाकाचं. तुटलेले दाते, बाजूला लोंबणारी कापडाची पट्टी.

"ये देखो," ट्रेनर म्हणाला. "सीनियर टेक्निशियन. इतने साल का एक्सपीरियन्स. सेफ्टी लॉक को कपड़े से बांध दिया! और फिर भूल गया!" त्याने कपाळावर हात मारून दाखवला. हॉलमध्ये हशा पिकला. वाईट मनाने कुणी हसलं नाही. बहुतेकांना अंकल माहीतच नव्हते.

सखाराम उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. पाण्याच्या कूलरपाशी भिंतीला टेकून तो उभा होता.

"ताई, मी आत जाऊन सांगतो. काय करायचं ते करू देत."

"मग पोरींना काय सांगू मी? आणि अंकलचं जाणं फुकट घालवणार तू?"

"पण हसले ना ते, ताई."

हजेरी शेवटी घेणार होते, म्हणून आम्ही परत आत जाऊन बसलो. पडद्यावर अजून तेच चित्र होतं.

"एनी क्वेश्चन?" ट्रेनरने विचारलं.

सखारामचा हात वर गेला. मी त्याच्या बाहीला धरलं. तो उभा राहिला. सगळ्या माना वळल्या.

"सर," तो म्हणाला, "वो अंकल अच्छा आदमी था."

"हां, हां, शुअर," ट्रेनर म्हणाला. "अच्छा आदमी भी गलती करता है. बैठो." त्याने बटण दाबलं. पुढच्या चित्रात आग विझवायचा लाल सिलेंडर होता.